दारावरचा एकेचाळीस

तो पिक्चर मी पूर्ण पाहिला नाही. हे आधीच सांगतो, कारण पूर्ण पाहिला असता तर पुढचं बरंचसं झालं नसतं, असं मला अजून वाटतं. निदान माझ्या बाजूचं तरी.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे. मी नेरूळच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घर उरणकडच्या गावात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबांना आकडे ओळखता येत, अक्षरं नाही. ते बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात रोजावर कामाला होते. आई त्या महिन्यात माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी तिच्या सासरी गेली होती. घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा.

वर्गातला एक मित्र नेरूळलाच राहत असे. त्याचं घराणं मूळचं आमच्याच किनाऱ्यावरचं, मुसलमान व्यापाऱ्यांचं. वडिलांनी सोसायटीत मोठा फ्लॅट घेतला होता. एका दुपारी शेवटचं लेक्चर झालं नाही, तेव्हा तो म्हणाला, "चल यार, व्हीसीआर आणलाय भाड्याने. इंग्लिश पिक्चर आहे, एकदम डेंजर."

पडदे ओढलेले होते. मी सोफ्याच्या कडेवर बसलो. मला तेव्हा इंग्रजी कानाने नीट कळत नसे. पुस्तकात वाचलं की कळे. त्यामुळे पिक्चर मला अर्धाच समजत होता, आणि उरलेला अर्धा मित्र समजावत होता.

टपाल वेगळं करायच्या कचेरीत काम करणारा एक माणूस. त्याची बायको वारलेली. एके दिवशी त्याच्या हातात एक पार्सल येतं, त्यावर एकेचाळीस आकडा. मग त्याला तो सगळीकडे दिसू लागतो. तिकिटावर, दवाखान्यात बायकोच्या मनगटाला बांधलेल्या जुन्या पट्टीवर, हिशोबाच्या उत्तरात. दिसला नाही तर तो बेरीज करतो, बेरीज जमली नाही तर वजाबाकी. हळूहळू त्याला वाटू लागतं, हा आकडा आपल्याकडे चालत येतोय. आधी रस्त्यावर, मग जिन्यात, मग शेजारच्या दारावर.

"आता बघ हां," मित्र म्हणाला, "आता त्याच्या दारावर येणार."

तो माणूस आतून दाराला कान लावून उभा होता. बाहेर काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता. एवढ्यात मी घड्याळ पाहिलं. माझ्या बसची वेळ झाली होती, आणि त्यानंतरच्या बसचा भरवसा नसे.

"अरे पाच मिनिटं राहिलीत फक्त!" मित्र ओरडला.

मी चप्पल घालून निघालो.

बस गव्हाण फाट्याला अडकली. तिथे ट्रेलर नेहमीच अडकत. एकामागे एक, प्रत्येकावर कंटेनर, आणि प्रत्येक कंटेनरवर लांबलचक नंबर. मी ते रोज पाहत होतो, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचले. वाचता वाचता बेरीज करू लागलो. तिसऱ्या की चौथ्या कंटेनरची बेरीज एकेचाळीस आली. मी मनात हसलो. मग पुढच्याची आली नाही, तर मी शेवटचा आकडा सोडून पाहिला. तो सोडल्यावर आली.

हसू गेलं ते तेव्हा. बेरीज आली म्हणून नाही. ती यावी म्हणून मी आकडा सोडला, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मित्राला शेवट विचारला. तो डोकं खाजवत म्हणाला, "अरे, तू गेलास ना, तेवढ्यात अम्मीने जेवायला हाक मारली. नंतर दुकानवाला व्हीसीआर घेऊनच गेला. मेला असणार तो. असले लोक मरतातच." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "टेन्शन काय घेतोस? पिक्चर आहे तो."

मीही स्वतःला तेच सांगत होतो. परीक्षा जवळ आली होती. पास झालो तर तिसरं वर्ष. नापास झालो तर बाबा मला यार्डात लावतील असं ते कधी बोलले नव्हते, पण दुसरं काय करणार? वर्ष पुन्हा करण्याइतकी ऐपत नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सीट नंबर मिळाला तो असा: ३४१७. कार्ड हातात आल्यापासून मी त्याच्याशी खेळत होतो. चौतीस अधिक सात एकेचाळीस, मधला एक उरतो. त्या एकाचं काय करायचं, यावर मी अख्खा एक तास घालवला. आणि मग दिसलं की मी उगाच बेरजा करतोय. तीन आणि सात बाजूला केले की एकेचाळीस मधोमध उघडाच बसला होता. मी कार्ड पुस्तकात उलटं घालून ठेवलं.

त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, मी घरी आलो तर आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर तो होता.

लाल रंगात. हाताएवढा मोठा. ४१, आणि खाली एक आडवी रेघ.

आमचं घर गावाच्या टोकाला, खाडीच्या बांधाकडे. खालची आळी जरा लांब, आणि बसथांब्यावरून घरी येताना ती लागत नाही. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर काय आहे ते मला दिसलं नाही. बाबा कामावरून यायचे होते. अंगणात कोणी नव्हतं. मी भिंतीकडे न बघता आत गेलो, दार लावलं, आणि दिव्याचं बटण दाबायचंही विसरून उभा राहिलो. नंतर लक्षात आलं की मी दाराला कान लावला होता.

बाबा आले. जेवलो. त्यांनी भिंतीचं नाव काढलं नाही, मीही नाही. आपल्याला दिसतंय ते दुसऱ्यालाही दिसतंय का, हे विचारायची मला भीती वाटली. त्यांनी "कुटं रं?" असं विचारलं असतं तर मी काय केलं असतं?

सकाळी उठून पाहिलं तर भिंतीवर काही नव्हतं. चुन्यावर एक ओलसर, जरा खरवडलेला डाग होता, पण असे डाग खाडीच्या हवेने पडतातच. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. मागून बाबा म्हणाले, "काय बगतंस?"

"काही नाही."

"मंग जा ना. बस चुकंल."

त्यांनी हे इतक्या चटकन म्हटलं की मला वाटलं, माझ्या तोंडावर काहीतरी दिसतंय.

चार-पाच दिवस गेले. मी अभ्यासाला बसे आणि पानांचे नंबर मोजत राही. एकेचाळिसावं पान मी वाचत नसे. बेचाळिसाव्यावर उडी मारे, आणि मधलं सूत्र न कळल्यामुळे पुढचं अडे. एका दुपारी लवकर घरी आलो. अंगणात पाय टाकला आणि जागीच थांबलो. तो परत आला होता. त्याच जागी, तसाच लाल. या वेळी मी धीर करून बोट लावलं. बोट लाल झालं. रंग ओला होता.

म्हणजे आत्ताच कोणीतरी लिहून गेलं होतं. मी इकडे तिकडे पाहिलं. बांधावर ऊन पडलेलं, लांब बंदराच्या क्रेन उभ्या, माणूस एकही नाही. मी विहिरीवर जाऊन बोट दगडावर घासघासून धुतलं. ओला होता याचा अर्थ तो खरा होता, माझ्या डोक्यातला नव्हता. यामुळे बरं वाटायला हवं होतं. पण खरा असणं मला जास्त भीतीचं वाटलं.

दुसऱ्या सकाळी तो पुन्हा नव्हता.

याच दिवसांत बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. ते पाळीला जात, पण अर्ध्यातून परत येत. ओट्यावर बसून राहत. कोणी रस्त्याने आलं की उठून उभे राहत. एकदा खालच्या आळीतला एक म्हातारा आला, दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले, मी बाहेर आलो तसे गप्प झाले. मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलत असतील. पोराचं डोकं फिरलंय, असं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या घरी थांब."

"उद्या पेपर आहे, बाबा."

"ठाव हाय. पन मना उद्या जावाच लागंल, मुकादम लय बोंबलतोय. आनि घर रिकामा टाकून चालनार नाय. तुजी आय नाय हितं."

"का चालणार नाही?"

"नाय चालनार." ते भिंतीकडे बघत होते. "एक पेपर गेला तं काय व्हतंय?"

एक पेपर गेला तर काय होतं ते मी त्यांना सांगायला हवं होतं. तो विषय राहतो, आणि आमच्या घरात राहिलेलं परत हाती घ्यायला वेळ नसतो. पण मी फक्त "बरं" म्हणालो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ते कार्ड घेऊन, त्या नंबरच्या बाकावर जाऊन बसावं लागणार नव्हतं. बाबांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि आत गेले.

पहाटे मला खरवडण्याच्या आवाजाने जाग आली.

तो आवाज मी आधी ऐकला होता, पडदे ओढलेल्या खोलीत. मी अंथरुणात ताठ झालो. दाराच्या बाहेर, भिंतीवर, हळूहळू, थांबत थांबत. बाबांच्या अंथरुणाकडे पाहिलं तर ते रिकामं. शेवटी मी उठलो. का उठलो माहीत नाही. बहुतेक, आत कान लावून उभं राहणं मला दुसऱ्यांदा जमलं नसतं.

दार उघडलं. उजाडत होतं. बाबा बादली घेऊन उकिडवे बसले होते आणि खुरप्याने भिंत खरवडत होते. एकेचाळीसचा चार गेला होता, एक राहिला होता.

"तुम्ही?" मी म्हणालो.

ते दचकले, खुरपं हातातून पडलं. "झोप ना रं. हळू बोल."

"तुम्ही पुसता हे? रोज?"

"दोनदा पुसला. आज तिसऱ्यांदा. काल सांजच्याला तू पान्याला हिरीवर गेलतास तवा परत मारून गेले, अंधारात तुला दिसला नसंल. दिसत नाय, कवा येतात ते." खुरपं उचलून ते परत खरवडू लागले. "खालच्या आळीत पन समद्यांनी पुसले. मोजनीवाले हायत."

मोजणी. आमच्या गावात हा शब्द जेवताना कोणी काढत नसे. मी लहान असताना बंदरासाठी जमिनी गेल्या, तेव्हा आधी शेतात खुंट्या आल्या होत्या आणि खुंट्यांवर आकडे. मग शेजारच्या पाड्यात घरांवर आकडे आले. आकडा पडला की घर गेलं, असाच सगळ्यांचा अनुभव. माझे काका त्या पाड्यात राहत होते. पंचनाम्याच्या दिवशी ते सगळे सासुरवाडीला हळदीला गेले होते. दाराला कुलूप. कागदावर घर "बंद" असं लिहिलं गेलं, आणि नवीन वसाहतीत सगळ्यांना जागा मिळाली तेव्हा काकांचं नाव निघालं नाही. ते अजून उरणला भाड्याच्या खोलीत राहतात. तेव्हापासून आमच्याकडे घर कधी बंद ठेवत नाहीत. लग्न असो, मयत असो, एक माणूस मागे राहतोच. आमच्या घरात तर कुलूपच नव्हतं. बाबांनी ते खाडीत टाकलं होतं. आई बहिणीकडे गेल्यापासूनच दिवसा घर रिकामं राहत होतं, म्हणून आकडा दिसल्यावर बाबा पाळी अर्ध्यावर टाकून येत.

"मला सांगायचं ना," मी म्हणालो.

"तुला काय सांगू? तुजी परीक्षा."

मग मी बोलून टाकलं. सगळंच. मित्राकडचा पिक्चर, टपालातला माणूस, कंटेनरच्या बेरजा, सीट नंबर, ओलं बोट. बोलताना मला स्वतःलाच ते इतकं पोरकट वाटत होतं की मी खाली बघत होतो. बाबा हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. खुरपं मांडीवर ठेवून त्यांनी ऐकलं, आणि विचारलं, "त्या मानसाचा काय गेलता?"

"कोणाचं?"

"पिच्चरमदल्या. त्याचा घर घेनार व्हते का?"

"नाही. बायको गेली होती त्याची."

"मंग बरोबर हाय," बाबा म्हणाले. "एकदा गेल्यावर मानूस आकड्याला भितोच." जरा थांबून ते म्हणाले, "म्हंजी काल तू 'बरं' म्हनलास तो भ्यालास म्हनून? मना वाटला, पोरगा पहिल्यांदा माजा ऐकतोय."

मी बादली उचलून बाजूला ठेवली.

"तवाच मना शंका आयली. इतक्या लवकर कदी ऐकत नाय." ते उठले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आंगोल कर. पेपरला जा."

"आणि घर?"

"घर राखायला बसायचा तं राखनाऱ्याने भ्यायचा नाय. तू असा भ्यालेला, मोजनीवाला आयला तं तूच त्याला खुर्ची देशील. जा. मी बसतो."

"मुकादम?"

"त्याला बगू."

मी गेलो. धीर आला होता असं नाही. बसमध्ये मी एकाही कंटेनरकडे पाहिलं नाही. हॉलमध्ये बाकावर खडूने माझा नंबर लिहिलेला होता, ३४१७, आणि मधले दोन आकडे मला इतरांपेक्षा मोठे दिसत होते. मी त्यावर कंपास पेटी ठेवली. पर्यवेक्षक बाईंनी येऊन ती उचलली. "नंबर दिसायला हवा," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. पहिला अर्धा तास मी एकही ओळ लिहिली नाही. मला सारखं बाबा ओट्यावर बसलेले दिसत होते, आणि बांधावरून कोणीतरी येताना. मग वाटलं, ते तिथे बसलेत आणि मी इथे नुसता बसलोय, हे काही खरं नाही. मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली.

घरी आलो तर आमचं सगळं सामान अंगणात होतं. हंडे, अंथरुणं, देवाचा पाट, माझी पुस्तकं. मी तिथेच, तुळशीजवळ, मटकन खाली बसलो.

"उठ, उठ," बाबा घरातून बाहेर आले. त्यांच्या अंगाला कसलासा उग्र वास येत होता. "मच्छरवाले आयलेते."

"कोण?"

"मच्छर मारनारे. पंप घेऊन. घरात औशद मारला, म्हनून सामान भायर काढला." त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथे ताजा, लाल, चौथा एकेचाळीस होता. "त्यातला एक मना शिव्या घालत व्हता. म्हनतो, 'कोन पुसतो रे सारका? नंबर नसला तं आमाला कलनार कसा कुटला घर झाला नि कुटला ऱ्हायला?' मी म्हनला, 'मोजनी नाय?' तं म्हनतो, 'डासांची करू का मोजनी?'"

खालच्या आळीत एव्हाना हसाहशी चालू होती. कोणीतरी मोठ्याने मच्छरवाल्याची नक्कल करत होतं. मीही हसलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते औषधाच्या वासाने असेल. बाबाही हसले. आम्ही दोघांनी सामान आत नेलं, आणि मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या सकाळी बाबा कामाला गेले नाहीत.

"मच्छरवालेच होते ना?" मी विचारलं.

"व्हते ना."

"मग?"

"असतील मच्छरवाले," ते ओट्यावर बसत म्हणाले. "पाड्यातल्या लोकांना पन तवा कायतरी दुसराच सांगला व्हता. तुजा पेपर हाय ना? जा."

तिसऱ्या पेपरलाही ते घरी थांबले. चौथ्यालाही. मी दोनदा म्हटलं, की आता काही धोका नाही, तुम्ही जा. त्यांनी ऐकून घेतलं आणि जागेवरून हलले नाहीत. शेवटी मी म्हणणं सोडलं, कारण मीसुद्धा बाकावरच्या आकड्याला तोवर सोडलेलं नव्हतं. फक्त त्याच्याकडे बघत बघत लिहायला शिकलो होतो. बाबा घरात आहेत हे ठाऊक असल्यामुळेच मला लिहिता येत होतं, हे मला कळत होतं. त्यांना कळत होतं की नाही, मी विचारलं नाही.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी यार्डातून निरोप आला. मुकादमाने त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. बाबांनी निरोप ऐकला, मान हलवली आणि मला विचारलं, "आता संपले ना समदे?"

"संपले."

"पास व्हशील?"

"वाटतंय."

"मंग आता तुला कुटं जायचा नाय ना काय दिस?"

"नाही."

"बस जरा हितं," ते म्हणाले, आणि आत जाऊन आडवे झाले. दोन मिनिटांत त्यांच्या घोरण्याचा आवाज येऊ लागला. किती दिवसांत ते असे दुपारचे झोपले नव्हते.

मी ओट्यावर बसलो. परीक्षा संपली होती, पुस्तकं आत होती, पिक्चर मी जवळजवळ विसरलो होतो. बांधावरून एक अनोळखी माणूस येत होता. तो आमच्या घराकडे वळतोय का, आणि त्याच्या हातात रंगाचा डबा आहे का, ते मी उठून उभा राहून पाहू लागलो.